पेथिडिनच्या वहीत आमची नावं

नानांनी माझ्या आडनावावर लक्ष्मी चिकटवली.

माझ्या देखत चिकटवली. फार्मसीचं सर्टिफिकेट मी धुळ्याहून फ्रेम करून आणलं होतं, पेपरात गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून. नानांनी ते काउंटरवर आडवं ठेवलं. गल्ल्यातून एक स्टिकर काढलं, मागचा कागद सोलला आणि अंगठ्यानं दाबून बसवलं. कमळातली लक्ष्मी, दोन्हीकडे हत्ती. माझं नाव दिसत होतं. बापाचं नाव दिसत होतं. आडनाव हत्तींच्या पायाखाली गेलं.

"कायद्यानं भिंतीवर लावावं लागतं," नाना म्हणाले. "पण गिऱ्हाईक वाचतं ना. वाचलं तर घेईल का औषध तुझ्या हातचं? तूच सांग."

मी काय सांगणार? एकवीस वर्षांची होते. पहिल्या नोकरीचा पहिला दिवस, नवी चप्पल चावत होती. मी मान हलवली. हो म्हणून. आजही ती मान आठवली की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

मग नियम सांगितले. सरकारचे नाही, नानांचे. गोळ्यांच्या पट्ट्या मी द्यायच्या, त्या बंद असतात. इंजेक्शनं, मलमं चालतील. पण मध, बाळगुटी, ग्लुकोज, इसबगोल, असल्या सुट्या जिन्नसांना हात लावायचा नाही. 'गोळ्या काय लोक कानात घालतात का?' हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. जीभ माझी पहिल्यापासून तिखट. माय म्हणायची, हिच्या वेळी मी मिरच्याच खाल्ल्या. पण त्या दिवशी ती जीभ टाळूला चिकटली. नोकरी जाईल, या भीतीनं चिकटली. खोटं कशाला सांगू?

हे एकोणनव्वद सालचं जळगाव. आम्ही पाचोऱ्याचे. वस्तीचं नवं नाव भीमनगर, पण टपाल यायचं ते अजून महारवाडा लिहून. वडलांना आम्ही आबा म्हणतो. आबा जिनिंगमध्ये होते. दिवसभर कापसाच्या भुसात उभं राहून घरी आले की अर्धा तास नुसते खोकायचे. त्या खोकल्यावर मी धुळ्याला दोन वर्षं शिकले. वस्तीतली पहिली फार्मसीवाली. पास झाले तेव्हा माझ्या मायनं सगळ्या वाड्यात गूळ वाटला.

आणि मग जळगावात तीन दुकानं फिरले. तिन्हीकडे आधी आडनाव विचारलं, मग जागा भरली म्हणून सांगितलं. चौथं दुकान नानांचं. नानांना माणूस नको होता, कागद हवा होता. तेव्हाची रीतच तशी. औषधाचं दुकान चालवायचं तर पास झालेला फार्मासिस्ट लागतो, म्हणून लोक कोणाचं तरी सर्टिफिकेट आणून भिंतीला लावायचे. माणूस नाशिकला, कागद जळगावला. विकायला मात्र सातवी-आठवी झालेले नोकर. नानांच्या आधीच्या फार्मासिस्टनं आपला कागद काढून नेला होता, इन्स्पेक्टर कधीही येईल अशी वेळ होती, म्हणून मी चालले. नाना म्हणाले होते, "घरी बसलीस तरी चालेल. कागद इथे राहू दे." मीच हट्टानं म्हटलं, मी येणार. शिकले ते काम करणार. रोज पॅसेंजरनं पाचोरा-जळगाव.

पहिल्याच महिन्यात नाना गोड बोलले. इतके गोड की मला भरून आलं.

"तुमच्या वस्तीत अशक्त लोक असतील ना गं? दिवाळीला टॉनिकच्या बाटल्या वाटू म्हणतो. नावं दे लिहून. वय, पत्ता, सगळं नीट."

मी घरी जाऊन कंदिलाजवळ बसून यादी केली. वळणदार अक्षरात. पहिलं नाव आबांचं. मग शेजारच्या काकूंचं, मग सुपडूमामांचं, त्यांना दम्याचा त्रास. मग एकेक घर. सोळा नावं झाली. आबांना वाचून दाखवली तेव्हा आबा म्हणाले, "भला माणूस शे." मी यादी नानांना दिली. नानांनी घडी करून खिशात घातली.

दिवाळी आली नि गेली. बाटली काही आली नाही. विचारायची हिंमत मला झाली नाही, आणि वाड्यात लोक मलाच विचारायचे, काय गं पोरी, कुठे शे तुमचं टॉनिक? मी हसण्यावारी न्यायचे.

आता त्या कपाटाचं सांगते.

दुकानाच्या मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं. त्यात पेथिडिनची इंजेक्शनं. पेथिडिन म्हणजे अफूसारखं काम करणारं औषध. मोठं ऑपरेशन, कॅन्सर, जिथे वेदनेनं माणूस भिंतीवर डोकं आपटतो, तिथे द्यायचं. आणि ज्याला त्याची चटक लागली त्याचं आयुष्य खलास. म्हणून ते कोणीही विकू शकत नाही. त्याला वेगळा परवाना लागतो. धुळ्याला कायदा शिकवणारे सर हे आमच्याकडून पाठ करून घ्यायचे, पाढ्यासारखं. डॉक्टरची सही आणि तारीख असलेली चिठ्ठी पाहिजे. रोग्याचं नाव, पत्ता पाहिजे. किती द्यायचं ते लिहिलेलं पाहिजे. एकदा दिलेल्या चिठ्ठीवर पुन्हा द्यायचं नाही. वहीत नोंद, वहीवर फार्मासिस्टची सही. सर टेबलावर खडू आपटून म्हणायचे, "चूक झाली तर मालक सुटेल, नोकर सुटेल, सहीवाला सुटायचा नाही. दहा वर्षं!" मी पहिल्या बाकावर असायचे.

आणि अशी मी, पहिल्या बाकावरची, त्या वहीच्या कोऱ्या पानांवर सह्या करत होते.

दर शनिवारी नाना वही आणायचे. पानं आखलेली, रकाने रिकामे. "पुढच्या आठवड्याच्या करून ठेव. तुझी गाडी चुकली, तू आली नाहीस, तर आम्ही कुठे शोधत बसायचं?" पहिल्यांदा मी म्हटलं, "नाना, आधी भरा, मग करते." नानांनी चष्म्यावरून बघितलं. भिंतीवरच्या फ्रेमकडे बघितलं. म्हणाले, "तुझा मूळ कागद माझ्याकडे आहे, लक्षात आहे ना?" बस, एवढंच. मी पेन उचललं. सही करताना पानावर बोटांचे डाग पडायचे. करून झाली की मी मोरीत जाऊन तोंड धुवायचे.

तेव्हापासून खाकी कपडा दिसला की मी घाबरायचे. स्टेशनवरचा हवालदार जवळून गेला तरी मी पर्समध्ये तोंड घालून काही तरी शोधत राहायचे. कोणाला सांगायचं? आबांना सांगितलं तर ते म्हणणार, सोड नोकरी. सोडली तर कागद अडकला. कागदाशिवाय मी कोण? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

ते पेथिडिन जात कुठे होतं, ते मला अर्धं ठाऊक होतं. आठवड्यातून दोन-तीनदा दारात जीप थांबायची. धाकटे साहेब उतरायचे. सगळे त्यांना तेवढंच म्हणायचे, त्यांच्या वडलांना थोरले साहेब म्हणायचे म्हणून. वडील जिल्ह्याचे पुढारी, त्यांच्यापुढे पोलीस सलाम ठोकायचे. धाकटे साहेब तिशीचे असतील. जळगावचं ऊन, ऑक्टोबरचा उकाडा, माणसं बनियनवर बसतात, आणि हे पूर्ण बाह्यांत, मनगटापर्यंत बटणं लावून. नाना स्वतः मागे जायचे, कपाट उघडायचे, पुडी करून द्यायचे. चिठ्ठी मी कधी पाहिली नाही. नानांच्या ओळखीचे एक म्हातारे डॉक्टर होते, ते पॅडवर नुसत्या सह्या करून पाठवायचे. त्यांनी कोऱ्या चिठ्ठीवर सह्या करायच्या, मी कोऱ्या वहीवर. मधलं सगळं नाना भरायचे. वहीत काय भरतात ते मी बघितलं नव्हतं. बघायचं नव्हतं मला. बघितलं की कळणार, कळलं की काही तरी करावं लागणार.

मार्चमध्ये नाना भाचीच्या लग्नाला पिंपळनेरला गेले. जाताना पहिल्यांदा कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. वरून टाकली, हाताला हात लागू नये म्हणून.

"धाकटे साहेब येतील. दोन द्यायच्या. मी आल्यावर वहीत लिहीन. बाकी कोणासाठीही कपाट उघडायचं नाही. माल संपला म्हणायचं."

अकराच्या सुमाराला एक बाई आली. वरणगावकडची, केळीच्या बागा असतात तिकडच्या शेतकऱ्याघरची. लुगडं भारी होतं, पण दोन दिवस अंगावरच असावं, चुरगळलेलं. हातात पिशवी, पिशवीत एक्स-रे. नोकरानं चिठ्ठी बघितली आणि न विचारताच म्हणाला, "माल संपला." बाई हलेना. पायरीवर बसली आणि रडायला लागली. माझ्याकडे बघून बोलायला लागली.

"मायबाई, माह्या मालकाले तोंडाचा कॅन्सर आहे. आठ दिस झाले, डोळ्याले डोळा नाही. उशी चावतात वं. तिसरं दुकान आहे हे. सगळे संपलं म्हणतात."

मी चिठ्ठी घेतली. मुंबईच्या डॉक्टरची. सही होती, चार दिवसांपूर्वीची तारीख होती. रोग्याचं नाव, गाव, सहा इंजेक्शनं, अंकात आणि अक्षरात. सरांनी फळ्यावर काढून दाखवली होती तशी चिठ्ठी. आणि खरं सांगते, नोकरीला लागल्यापासून पेथिडिनची खरी चिठ्ठी मी पहिल्यांदा हातात धरली होती.

किल्ली माझ्या मुठीत होती. मी मागे गेले. कपाट उघडलं. माल संपला म्हणे! एकापुढे एक खोकी रचलेली. आणि वरच्या फळीवर वही.

नोंद करायची म्हणून वही काढली. शेवटचं भरलेलं पान उघडलं.

पहिल्या ओळीत माझ्या बापाचं नाव.

मला आधी वाटलं, डोळ्यांना झापड आली. पुन्हा वाचलं. पूर्ण नाव, वय, पाचोरा, भीमनगर. रोग: पोटाचा कॅन्सर. पेथिडिन, दोन. त्याखाली शेजारच्या काकूंचं. त्याखाली सुपडूमामांचं. मी मागची पानं उलटली. सगळीकडे तीच सोळा नावं, माझ्याच यादीच्या क्रमानं, फिरून फिरून. आमचा अख्खा वाडा कॅन्सरनं लोळत होता त्या वहीत. सुपडूमामा पौषात वारले. मी स्वतः त्यांच्या मातीला गेले होते. वहीत ते फाल्गुनातही सुया घेत होते. आणि प्रत्येक पानाखाली माझी सही. वळणदार.

माय वं! मी खाली बसले. फरशीवरच. टॉनिक पाहिजे होतं ना वाटायला! आडनाव ज्याला भिंतीवर चालत नव्हतं, त्यानं तेच आडनाव या वहीत पानोपानी लिहिलं होतं. इथे मात्र लक्ष्मी लावायची गरज पडली नाही. इथे ते उपयोगाचं होतं. आमच्यातला कोणी मेला, जगला, सुई घेतली, नाही घेतली, कोण येणार होतं विचारायला? आणि ती नावं त्याला आणून दिली होती मी. माझ्या हातानं. शिकलेल्या हातानं.

इथून पुढे मी नानाला अहो-जाहो करणार नाही.

बाहेरून बाईचं हुंदके देणं ऐकू येत होतं. मी उठले. सहा इंजेक्शनं काढली. चिठ्ठीवर शिक्का मारला, तारीख टाकली. वहीत तिच्या नवऱ्याचं नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि मग, लिहून झाल्यावर, सही केली. त्या वहीतली ती एकच खरी ओळ. बाईनं माझी हनुवटी धरली, बोटं मोडली आणि धावत गेली. नोकर म्हणाला, "मॅडम, नाना मारतील." मी आत जाऊन वही जागेवर ठेवली आणि कपाट लावलं.

चारला जीप आली. धाकटे साहेब स्वतः. नाकातून पाणी गळत होतं, रुमाल ओला झालेला. माणूस आतून जळत होता, ते मला दिसत होतं. दुसरीकडे असता तर मला कीव आली असती.

"किल्ली तुझ्याकडे आहे ना?"

"आहे."

"मग काढ."

"चिठ्ठी लागेल. नावाची, तारखेची."

तो हसला. म्हणाला, "नाव? तुझ्या बापाचं टाक की. नेहमी टाकतात."

म्हणजे यालाही माहीत. म्हणजे हे दोघं बसून हसत असणार यावर. माझ्या डोक्यात काही तरी फाटलं. मी नाही म्हटलं. एकदाच म्हटलं. त्यानं काउंटरवरून वाकून माझं मनगट धरलं, पिरगाळलं. बांगड्या फुटल्या, रक्त आलं. दोन्ही नोकर खाली बघत उभे. मी इतकी घाबरले होते की लघवी होते की काय असं झालं. आणि त्या घाबरण्यातूनच माझ्या तोंडून जो आवाज निघाला, तो रस्त्यापलीकडच्या चहावाल्यापर्यंत गेला.

"चिठ्ठीशिवाय पेथिडिन मागतात हो! साहेबांचा मुलगा पेथिडिन मागतोय!"

लोक थांबले. सायकलवाले थांबले. भर दिवस, भरला रस्ता. त्यानं मनगट सोडलं. जाताना बोट दाखवून म्हणाला, "तू आणि तुझा वाडा. बघतोच." जीप गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना आला. लग्नातला फेटा अजून पिशवीत होता. आरडाओरडा केला नाही त्यानं. तो शांत होता, त्याचीच मला जास्त भीती वाटली. आधी त्यानं किल्ली मागितली. मी दिली. मग काउंटरवर कोपर टेकून, समजावल्यासारखा बोलला.

"हे बघ. वहीत सह्या कोणाच्या? तुझ्या. नावं कोणाच्या लोकांची? तुझ्या. यादी कोणाच्या अक्षरात? ती मी जपून ठेवली आहे. इन्स्पेक्टर आला तर मी म्हणेन, मला इंग्रजी औषधातलं काय कळतं, सगळं मॅडम बघायच्या. बाप गर्दुल्ला, पोरगी पुरवठा करते. आत जाल दोघं. म्हणून गप काम कर. साहेबांची माफी माग."

मी विचारलं, "आमचीच नावं का?"

त्याला प्रश्नच कळला नाही. खरंच कळला नाही, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. मग म्हणाला, "अगं, तुमच्या नावांना कोण विचारतं? उलट कुठल्या तरी पुस्तकात चढली म्हणायची."

मी पर्स उचलली आणि निघाले. मागून तो म्हणत होता, "कागद मिळायचा नाही हं!" मी वळले नाही.

संध्याकाळच्या गाडीनं घरी पोचले तेव्हा सगळे जेवत होते. कळण्याची भाकरी, ठेचा. मी पाटावर बसले. काल रात्री लपवलेलं माझं मनगट मायला दिसलं, तिनं विचारलं आणि मग मी सगळं सांगितलं. कोऱ्या सह्यांपासून. एकही गोष्ट झाकली नाही.

आबांनी हात धुतला. मग म्हणाले,

"मना नाव कोनी दिधं त्यासले?"

"मीच दिधं, आबा."

"बठ्ठा वाडाना?"

"बठ्ठा वाडाना." सगळ्या वाड्याची.

ते खोकायला लागले. खोकला थांबल्यावर डोळे पुसले. ते खोकल्याचं पाणी होतं की दुसरं, मला विचारवलं नाही. वाटलं, आता मारावं यांनी मला. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "सकायले जाऊत. जो कोनी साहेब व्हई त्यानाकडे."

माय किंचाळली, "जेलमा टाकतीन तिले! पोरगी शे, बिनलग्नानी शे!"

मायचं चुकत नव्हतं. मला सरांचा खडू आपटलेला ऐकू येत होता. दहा वर्षं. एकवीस आणि दहा किती होतात, ते मी मनातल्या मनात करून बघितलं. गप्प राहायचं, दुसरीकडे कुठे शेतावर कामाला जायचं, कागद गेला तर गेला, असंही वाटलं. खूप वाटलं. पण मी गप्प राहिले तरी आबांचं नाव त्या वहीत राहणार होतं. उद्या थोरल्या साहेबांना मुलाला वाचवायचं झालं तर पोलीस कुठे येणार? भीमनगरात येणार. सोळा घरांत येणार. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि त्या सोळा घरांना कळणारही नव्हतं की आपण काय केलं.

औषध खात्याचं ऑफिस मी कधी बघितलं नव्हतं. विचारत विचारत गेलो, मी आणि आबा. आबांनी धुतलेला सदरा घातला होता. इन्स्पेक्टर साहेब पन्नाशीचे, नवेच बदलून आलेले. त्यांनी ऐकून घेतलं. मध्येच उठून त्यांनी दार लावलं. मग पेन खाली ठेवलं.

"बाई, तुम्हाला कळतंय ना? वही सापडली तर सह्या तुमच्या आहेत. वही सापडली नाही, त्यानं जाळली, तर कोऱ्या पानांवर सह्या केल्याचा कबुलीजबाब फक्त तुमचा राहील. दोन्हीकडून तुम्हीच. अजून मी काही लिहिलेलं नाही. घरी जा. चार दिवस विचार करा."

चांगल्या मनानंच म्हणाले असतील. पण चार दिवसांत माझं काय होणार ते मला माहीत होतं. मी घाबरट आहे. चार दिवसांत मी नानाची माफी मागून आले असते.

तेवढ्यात आबा उठले. त्यांनी सदऱ्याच्या दोन्ही बाह्या दंडापर्यंत वर केल्या आणि हात साहेबांच्या टेबलावर ठेवले. फाइलींवर. जिनिंगच्या पट्ट्यानं सोललेले, काळे, शिरा वर आलेले हात.

"देखा साहेब. एक बी टोचा नही. मी जित्ता शे आनि मी हाई सुई कधी लिधी नही. मनं बी लिखा."

साहेबांनी हात बघितले. खाली वाकून बघितले, दोन्ही. मग माझ्याकडे बघितलं.

"लिहा," मी म्हटलं. "आत जायचं असेल तर जाईन. पण माझी माणसं त्या वहीत ठेवून घरी जाणार नाही."

टेबलाखाली एक पाय दुसऱ्या पायानं दाबून धरला होता. त्यांनी कागद ओढला. मी पहिल्या शनिवारपासून सांगितलं. यादी माझी, अक्षर माझं, सह्या माझ्या, सगळं सांगितलं. मग सोळाही नावं सांगितली, आणि प्रत्येक नावापुढे लिहायला लावलं: यांना हे औषध कधीही दिलेलं नाही.

पाच पानं झाली. साहेबांनी पेन माझ्याकडे केलं. "सही करा."

"आधी वाचून दाखवा."

"तुम्हीच तर सांगितलंत."

"तरी वाचा. सगळं."

त्यांनी वाचलं. बराच वेळ लागला. सुपडूमामांचं वय चुकलं होतं, ते मी दुरुस्त करायला लावलं. शेवटच्या पानावर खाली चार बोटं जागा कोरी राहिली होती. मी पेन घेतलं आणि त्या कोऱ्या जागेवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारली, म्हणजे मागाहून तिथे कोणालाही काही घालता येणार नाही. मग सही केली.